धांवणें संपल्यावर

शरीराच्या बळावर मिळविलेली कीर्ति ही सर्व कीर्तींमध्यें अल्पायुषी म्हटली पाहिजे. विद्वानाची कीर्ति साठीनंतर फुलते. गवयाचा आवाज बसला तरी त्याच्या गायकीचा मान राहतो. पण धांवणाराचे, उडी मारणाराचे, मल्लाचे दिवस तिशी उलटली कीं भरत येतात. ज्याच्यासाठीं काल हजारों लोक जागेवरून उठून उभे राहिले, तो आज आगगाडींत शेजारीं बसला तरी कोणी ओळखीत नाहीं. त्याच्यामागें उरतो तो एक आंकडा, अमुक अंतर अमुक सेकंदांत, आणि तोहि पुढचा कोणी तरुण येऊन खोडून टाकतोच.

असें असतां कांहीं थोड्या क्रीडापटूंचीं नांवें शंभर शंभर वर्षें टिकून राहतात, आणि त्यांत ज्यांच्या नांवाशीं धर्मनिष्ठेची एखादी गोष्ट जोडली गेली आहे अशांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी आहे. त्यांचा आंकडा कोणास पाठ नसतो, त्यांचें व्रत मात्र पाठ असतें. हें कसें होतें, आणि जें टिकतें तें त्या माणसाचें खरें रूप असतें कीं लोकांनीं सोयीनें घडविलेली मूर्ति असते, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस सतावीत आहे. त्यासाठीं या महिन्यांत स्कॉटलंडच्या एरिक लिडल याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. तो ख्रिस्ती मिशनरी होता. मिशनरी हा शब्द ऐकतांच आपल्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडत असे, व त्याला कारणेंहि होतीं. तथापि, परक्या देवळांतला दिवा उजेड देतो कीं नाहीं हें पाहण्यास हरकत नसावी.

लिडलचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजीं चीन देशांतील टिन्ट्सिन शहरीं झाला. आईबाप लंडन मिशनरी सोसायटीचे. मुलाचें नांव प्रथम ‘हेन्री एरिक’ ठेवावें असें ठरलें होतें. परंतु त्या नांवाचीं आद्याक्षरें आडनांवासह एकत्र घेतलीं तर इंग्रजींत ‘नरक’ असा शब्द होतो, हें एका स्नेह्यानें दाखवून दिल्यावर नांवांची अदलाबदल झाली, असें सांगतात. मिशनऱ्यांच्या मुलांसाठीं लंडनजवळ एक निवासी शाळा होती; तेथें तो व त्याचा थोरला भाऊ रॉब वाढले, म्हणजे आईबाप चीनमध्यें आणि मुलें इंग्लंडांत. ही ताटातूट त्या घराण्याच्या नशिबीं पुढेंहि होती, म्हणून येथेंच नमूद करून ठेवतों.

१९२० सालीं तो एडिंबरो विद्यापीठांत शास्त्र शिकण्यासाठीं गेला. रग्बी या दांडग्या खेळांत स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडून १९२२ व १९२३ या सालांत सात सामने खेळला. १९२३ च्या जुलैमध्यें स्टोक-ऑन-ट्रेंट येथील पाव मैलाच्या शर्यतींत आरंभींच धक्का लागून तो पडला; उठेपर्यंत इतर स्पर्धक सुमारें वीस यार्ड पुढें गेले होते. तरी तो धांवला, आणि जिंकला. धांवण्याची त्याची तऱ्हा पाहून शिक्षकांनीं कपाळाला हात लावावा अशी होती: मान मागें टाकलेली, तोंड आकाशाकडे, हात वाटेल तसे हवेंत!

याच वर्षीं आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे चरित्रें वाचणारांचें पुरेसें लक्ष जात नाहीं असें आम्हांस वाटतें. डी. पी. थॉमसन नांवाचा एक तरुण धर्मोपदेशक गांवोगांव सभा भरवीत होता. पण गिरणीखाणींतले मजूर सभेला फिरकत नसत. त्यानें लिडलला गांठून विचारलें, तूं येऊन बोलशील काय? लिडल स्वभावानें भिडस्त, व्याख्यानाची संवय नाहीं. तरी तो होय म्हणाला, आणि १९२३ च्या एप्रिलमध्यें आर्मडेल या लहानशा गांवीं त्यानें आपली श्रद्धा प्रथम चारचौघांत बोलून दाखविली. लोक आले ते धांवणारा पाहायला. म्हणजे क्रीडेची कीर्ति ही धर्माच्या कामीं लावण्याची वस्तु आहे, हा विचार पॅरिसच्या आधींच ठरला होता. कित्येकदां असें सांगितलें जातें कीं पॅरिसच्या प्रसंगानें तो धर्मपुरुष म्हणून प्रसिद्धीस आला. प्रसिद्धीची वाट त्याआधीं वर्षभर तयार होत होती, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे.

आतां पॅरिसकडे वळूं. १९२४ च्या ऑलिंपिक सामन्यांचें वेळापत्रक प्रसिद्ध झालें तेव्हां १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारीं, ६ जुलै रोजीं, आहेत असें दिसून आलें. रविवार हा ईश्वराचा दिवस. त्या दिवशीं खेळ नाहीं, हा स्कॉटिश घराण्यांतला कडक नियम. आपल्याकडे एकादशीला चुलीवर भात चढत नसे, मग पाहुणा कितीहि मोठा असो, तसाच हा प्रकार. लिडलनें कित्येक महिने आधींच नकार कळविला. १०० मीटर ही त्याची हातखंडा शर्यत. शिवाय दोन सांघिक शर्यतीहि रविवारच्या अडचणीनें सुटल्या. वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्यानें मात्र वाद घातला नाहीं. मिळालेले महिने ४०० मीटरच्या तयारींत घालविले. ज्या रविवारीं १०० मीटरच्या फेऱ्या झाल्या, त्या दिवशीं तो पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्यें प्रवचन करीत होता. ती शर्यत दुसऱ्या दिवशीं त्याचाच देशबंधु हॅरॉल्ड एब्रहॅम्स यानें जिंकली.

९ जुलैस २०० मीटरमध्यें लिडल तिसरा आला. ११ जुलैस ४०० मीटरची अंतिम शर्यत. उपांत्य फेरींत अमेरिकेच्या फिचनें ४७.८ सेकंदांचा नवा विक्रम केला होता, आणि लिडलच्या वांट्याला सर्वांत बाहेरची पट्टी आली होती, म्हणजे इतर स्पर्धक कोठें आहेत तें दिसण्याची सोय नाहीं. त्यानें पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत काढले. असा मनुष्य शेवटीं गळून पडणार हें जाणत्यांचें भाकित होतें. तो गळला नाहीं, ४७.६ सेकंदांत पोंचला व नवा विक्रम झाला. कोलोंब येथील हें क्रीडांगण आपल्या वाचकांना अगदींच अनोळखी नाहीं. याच मैदानावर २०२४ च्या ऑगस्टमध्यें भारताच्या हॉकी संघानें स्पेनला हरवून कांस्यपदक मिळविलें.

एडिंबरोस परत आल्यावर पदवीदान समारंभांत त्याला पानांचा मुकुट घालण्यांत आला. त्या वेळीं विद्यापीठाच्या प्रमुखांनीं केलेली कोटी आमच्या मास्तरी मनाला फार आवडते. इंग्रजींत ‘पास’ या शब्दाचे पुढें जाणें व उत्तीर्ण करणें असे दोन अर्थ. त्यावर श्लेष करून ते अशा आशयाचें बोलले कीं, या गृहस्थाला पास करणें आजवर परीक्षकांखेरीज कोणाला जमलें नाहीं! मग विद्यार्थ्यांनीं त्याला खांद्यावर बसवून गांवांतून मिरविलें.

येथें त्याचें वय बावीस. व्यवहारी मनुष्यानें यापुढें काय केलें असतें? आणखी चार वर्षें धांवला असता, पुढच्या ऑलिंपिकची वाट पाहिली असती, पुस्तक लिहिलें असतें. लिडल १९२५ च्या उन्हाळ्यांत चीनला निघून गेला. एडिंबरोच्या स्टेशनवर निरोपाला मोठा समुदाय जमला होता व भजनें म्हणत होता.

त्यापुढचीं वीस वर्षें हा आमच्या दृष्टीनें त्याच्या आयुष्याचा गाभा, आणि सामान्य वाचकाला त्यांतलें जवळजवळ कांहींच ठाऊक नसतें. टिन्ट्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजांत तो शास्त्र शिकवी व मुलांचे खेळ घेई. जगज्जेता मनुष्य रोज सकाळीं हजेरी घेतो, फळा पुसतो, वह्या तपासतो! ज्यांनीं हा धंदा जन्मभर केला त्यांनाच कळेल कीं पहिल्या महिन्यानंतर मुलांना मास्तर कोण होता याचें सोयरसुतक राहत नाहीं. आज गणित समजलें कीं नाहीं एवढेंच त्यांना हवें असतें. १९३२ मध्यें त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९३४ मध्यें फ्लॉरेन्स मॅकेंझी या कॅनेडियन मिशनरी घराण्यांतील मुलीशीं, जी परिचारिकेचें शिक्षण घेऊन आली होती, त्याचें लग्न झालें. दोन मुली झाल्या.

१९३७ मध्यें जपान व चीन यांचें युद्ध भडकलें, आणि त्याच सुमारास मिशननें त्याला शहरांतून सिआओचांग या खेड्याच्या भागांत पाठविलें. भाऊ रॉब तेथें डॉक्टर होता. दोन सैन्यांच्या मधल्या मुलुखांतून सायकलीनें हिंडावयाचें, जखमींना गाडींत घालून इस्पितळांत आणावयाचें असें काम. एकदां मानेवर तलवारीचा घाव बसलेला एक चिनी मनुष्य त्यानें अशाच रीतीनें वाचविला. तो चित्रकार निघाला, व बरा झाल्यावर त्यानें फुलांचें चित्र काढून लिडलला भेट दिलें.

१९४१ मध्यें परिस्थिति फार बिघडली तेव्हां त्यानें गरोदर पत्नीला व दोन्ही मुलींना कॅनडास पाठविलें, आणि आपण मागें राहिला. तिसरी मुलगी कॅनडांत जन्मली. तिचें तोंड त्यानें कधींच पाहिलें नाहीं.

आमच्या वाचकभगिनी येथें थांबून विचारतील, आणि त्यांनीं विचारावेंच, कीं ज्या घरांत तीन लहान मुली आहेत त्या घरच्या पुरुषानें परक्या मुलुखांत युद्धाच्या तोंडीं राहावें हा कोठला धर्म? या प्रश्नाला चरित्रकार सहसा हात लावीत नाहींत. इंग्लंडचा क्रिकेटपटु सी. टी. स्टड याच्या बाबतींतहि हाच प्रश्न उभा राहतो. हा गृहस्थ १८८२ च्या ओव्हलवरील त्या प्रसिद्ध सामन्यांत होता, ज्यांत इंग्लंड अवघ्या सात धांवांनीं हरलें. शेवटच्या पडझडींत त्याला एकहि चेंडू खेळावयास मिळाला नाहीं. बाप हिंदुस्थानांत निळीच्या व्यापारावर गबर झालेला. त्या संपत्तींतला आपला वांटा यानें दान करून टाकला. १८८५ मध्यें तो चीनला गेला, १९०० ते १९०६ आपल्या उटकमंडला पाद्री होता, आणि १९३१ मध्यें आफ्रिकेंतील कांगोमध्यें मेला. नवरा कांगोंत व बायको इंग्लंडांत अशीं वर्षेंच्या वर्षें गेलीं. स्टडच्या त्यागाच्या कथा सांगतांना बाईंच्या वांट्याला एखादें वाक्य येतें. संन्यास घ्यावयाचा तर आधीं गृहस्थाश्रमाचें ऋण फेडून घ्यावा, हा आपल्या शास्त्रकारांचा आग्रह उगाच नव्हता. लिडलविषयीं इतकें म्हणतां येईल कीं तो कुटुंबाला टाकून गेला नाहीं, सुरक्षित जागीं धाडून कामावर राहिला, आणि पुढें दार बंद झालें. तरीहि त्या तीन मुलींनीं बापाच्या कीर्तीसाठीं जें मोल दिलें तें कोणत्याहि पदकाच्या यादींत येत नाहीं, असें आम्हांला वाटतें.

१९४३ च्या मार्चमध्यें जपान्यांनीं त्याला शांटुंग प्रांतांतील वेइशिएन येथील बंदिवासांत नेलें. एका जुन्या मिशनच्या आवारांत सुमारें दीड हजार माणसें कोंबलेलीं: व्यापारी, पाद्री, म्हातारे, कलावंत, व्यसनी, आणि आईबापांपासून तुटलेलीं शाळकरी मुलें. लिडल त्या मुलांना शास्त्र व गणित शिकवी; उपकरणें नव्हतीं, तीं कागदावर काढून दाखवी. म्हाताऱ्यांचें पाणी व कोळसा वाही. छावणींत एक रशियन बाई होती, जिच्याशीं सभ्य लोक बोलत नसत. तिच्या खोलींत त्यानें फळ्या ठोकून दिल्या, आणि ती म्हणत असे कीं मोबदला न मागतां आपलें काम करणारा हा पहिलाच पुरुष. लँग्डन गिल्की नांवाच्या अमेरिकन सहबंदिवानानें १९६६ मध्यें छावणीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत चांगल्या चांगल्या माणसांचा स्वार्थ उघडा पाडला आहे, पाद्र्यांनाहि सोडलेलें नाहीं. त्या कठोर लेखकाला संत म्हणावासा वाटला तो हा एकच मनुष्य, आणि तेंहि नांव बदलून लिहिलें आहे. म्हणजे ही स्तुति पॅरिसच्या प्रसिद्धीवर विसंबलेली नव्हती.

याच छावणींत ती गोष्ट घडली, जिच्यासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों. रविवारीं मैदानावर खेळ नाहीं हा नियम तेथेंहि होता, आणि त्याला लिडलचा पाठिंबा होता. मुलें कंटाळलीं. कांहींजणांनीं एका रविवारीं नियम झुगारून हॉकीचा सामना मांडला. पंच कोणी नाहीं, तेव्हां तो मारामारींत संपला. पुढच्या रविवारीं लिडल स्वतः मैदानावर आला आणि पंच म्हणून उभा राहिला!

वाचकहो, क्षणभर विचार करा. ज्यानें जगाच्या डोळ्यांदेखत सोन्याचें पदक रविवारापायीं सोडलें, ज्याची सारी कीर्ति त्या एका नकारावर उभी, त्यानें दुसऱ्यांच्या पोरांचीं डोकीं फुटूं नयेत म्हणून तोच रविवार मोडला. आपल्याकडे याला आपद्धर्म म्हणतात. आजारी सुनेला एकादशीच्या दिवशीं मऊ भात करून वाढणारी कर्मठ सासू ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. ज्याला आपल्या प्रतिमेची काळजी असते त्याला हें जमत नाहीं. तो मूर्ति जपत बसतो. पॅरिसमध्यें त्यानें स्वतःच्या लाभाच्या वेळीं नियम पाळला, आणि वेइशिएनला दुसऱ्याच्या हिताच्या वेळीं तो सोडला. दोहोंत आम्ही दुसरी गोष्ट मोठी मानतों. जग मात्र पहिलीच सांगतें, कारण ती एका वाक्यांत सांगतां येते.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजीं मेंदूंतील गांठीनें तो छावणींतच वारला; वय त्रेचाळीस. थडग्यावर लांकडाचा साधा क्रूस उभारून त्यावर बुटाच्या पॉलिशनें नांव लिहिलें. सहा महिन्यांनीं छावणी मुक्त झाली. पत्नीला कॅनडांत बातमी कळली ती दोन महिन्यांहून अधिक काळानें. तिनें परिचारिकेचें काम करून मुली वाढविल्या.

नंतर पस्तीस वर्षें त्याचें नांव मुख्यतः स्कॉटलंडांत व चर्चच्या मंडळींत टिकून होतें. १९८१ मध्यें ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा बोलपट निघाला, त्याला उत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासह चार ऑस्कर मिळालीं, आणि समुद्राच्या कांठीं धांवणारे ते तरुण जगभर पोंचले. बोलपट उत्तम आहे, पण त्यानें इतिहासाची मोडतोड केली आहे. त्यांत लिडलला रविवारची बातमी बोटीवर चढतां चढतां कळते. खरा निर्णय कित्येक महिने आधींचा, शांतपणें घेतलेला. त्यांत नाट्य नाहीं, म्हणून तो बदलला. त्यांतली बहीण धांवण्याला विरोध करते. खरी बहीण तशी नव्हती. आणि चीनमधील वीस वर्षें? तीं शेवटच्या दोन ओळींच्या अक्षरांत संपतात. बोलपटाला आम्ही दोष देत नाहीं. आपणहि कीर्तनांत संतांचा एखादाच चमत्कार ऐकून घरीं जातों, बाकीचें आयुष्य कोण ऐकतो?

प्रतिमा किती चिवट असते याचें एक अलीकडचें उदाहरण इंग्लंडच्या जोनाथन एडवर्ड्सचें आहे. हा तिहेरी उडी मारणारा पाद्र्याचा मुलगा. १९९१ मध्यें टोकियोच्या जागतिक स्पर्धेंत रविवारीं उतरावें लागेल म्हणून त्यानें जाणेंच सोडलें. पुढें १९९३ मध्यें त्याचें मत बदललें व तो रविवारीं खेळूं लागला. १९९५ मध्यें १८.२९ मीटरचा विश्वविक्रम केला, २००० मध्यें सिडनीला सुवर्णपदक मिळविलें. निवृत्तीनंतर तो भजनांच्या एका प्रसिद्ध कार्यक्रमाचा सूत्रधार होता. २००७ मध्यें त्यानें उघड सांगितलें कीं आपली श्रद्धा उरलेली नाहीं. असें बोलून दाखविण्यास धैर्य लागतें, म्हणून आम्ही त्याला नांवें ठेवणार नाहीं. पण गंमत पाहा: रविवार सोडणारा खेळाडू म्हणून लिडलच्या जोडीनें त्याचें नांव अजूनहि घेतलें जातें. मनुष्य पुढें निघून गेला, चित्र मात्र भिंतीवर राहिलें.

लिडलच्या चित्राचेंहि असेंच. १९९१ मध्यें एडिंबरो विद्यापीठानें वेइशिएनला स्कॉटलंडच्या दगडाचा स्मृतिस्तंभ उभारला; २०१५ मध्यें त्याच गांवीं त्याचा धांवता पुतळा बसला. ज्या देशाच्या सरकारला धर्मप्रचारक मुळींच आवडत नाहींत त्या देशांत! तेथें तो चीनमध्यें जन्मलेला ऑलिंपिक विजेता व जपान्यांच्या कैदेंत मेलेला मित्र म्हणून पूज्य आहे. मिशनरी हा शब्द मागें पडला. २००८ मध्यें, बीजिंगच्या सामन्यांच्या सुमारास, चीनकडून अशीहि कथा आली कीं कैद्यांच्या अदलाबदलींत त्याला सुटण्याची संधि होती व ती त्यानें एका गरोदर स्त्रीला दिली. घरच्या माणसांनाहि ही गोष्ट नवी होती. असा मनुष्य तसें करील हें पटण्याजोगें आहे, पण पटण्याजोगें तें सारें घडलेलें असतें असें मानणें इतिहासाच्या मास्तराला शोभत नाहीं. चर्चला व्रतस्थ हवा होता, बोलपटवाल्यांना बोटीवरचा प्रसंग, आणि चीनला मित्र. जो तो आपल्या मापाचा लिडल घेऊन गेला.

छावणींतल्या मुलांपैकीं स्टीव्हन मेटकाफ नांवाच्या एका मुलाला मात्र त्याच्याकडून खरोखरीची एक वस्तु मिळाली. हिंवाळ्यांत त्या पोराच्या पायांत धड जोडा नव्हता. लिडलनें आपले जुने, दोरीनें जागोजाग शिवलेले धांवण्याचे बूट त्याला आणून दिले, आणि फार दिवस न जातां तो वारला. जपान्यांचा द्वेष करूं नका, त्यांच्यासाठीं प्रार्थना करा, असें तो या मुलांना शिकवी. मेटकाफ मोठेपणीं जपानांतच मिशनरी होऊन गेला व अनेक वर्षें तेथें राहिला. बूट फार दिवस टिकले नाहींत. ते आधींच झिजलेले होते.